दीडशे डावे

"नशा कशाला म्हणतात ते तरी ठाऊक आहे का तुला, आक्का? नशा केलेलं माणूस सरळ रेघ मारतं होय? आण ती गोळी इकडं."

"नाही देत."

"माझी वस्तू आहे."

"माझ्या खुंटीवरच्या एप्रनात सापडली. खुंटी माझी, एप्रन माझा, कारखाना माझा."

"मग मीपण तुझीच. मलाही टांग खुंटीला."

थोरलीनं मूठ आणखी आवळली. त्या मुठीत दहा गोळ्यांची पट्टी होती. तिच्यात सहा उरल्या होत्या आणि धाकटीची आजची सकाळची गोळी त्या सहांतलीच एक होती.

धाकटीला सगळे भिंगरी म्हणत. नाव आईनं ठेवलेलं, पण लाडानं ठेवलं असं कुणी समजू नये. पाचव्या वर्षी आईनं तिला मीठ आणायला पाठवलं, तर वाटेत कुणाच्या तरी कोंबड्या मोजत बसली आणि दिवस बुडताना घरी आली ती मीठ नाही, पिशवी नाही, एका पायात चप्पलही नाही. आईनं आधी झोडपली, मग नाव ठेवलं. आता तिची बेचाळिशी उलटली होती, पोरगी शिकायला लांब गेली होती, डोक्यात पांढरे केस आले होते. नाव मात्र अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

आक्काचा शिलाईचा कारखाना. दवाखान्यातले कोट, कामगारांचे डगले, स्वयंपाक्यांचे एप्रन असला माल. वरच्या मजल्यावर चौदा मशिनी, खाली कटिंगचा हॉल. हॉल म्हणायचं आपलं, होतं ते एक लांबच लांब टेबल, वर ट्यूबलाइट, खाली चिंध्या, आणि एका टोकाला उभ्या पात्याची कटिंग मशीन. ती मशीन धाकटी चालवायची. बारा वर्षं तीच चालवत आली होती.

पाच आठवडे तिनं ही गोळी कुणाच्या नजरेला पडू दिली नव्हती. नवरा सोडला तर कुणाला पत्ता नव्हता. आणि काल संध्याकाळी एप्रन काढताना पट्टी खिशातच राहिली. लक्ष राहावं म्हणून घेतलेली गोळी लक्षात राहिली नाही. हेच दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर ती पोट धरून हसली असती.

"औषधवाल्याला विचारलं मी," आक्का म्हणाली. "उत्तेजक आहे म्हणाला. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, वहीत नाव लिहून घेतो म्हणाला. चांगल्या वस्तूला कुणी नाव लिहून घेतं का?"

"बँकेतपण लिहून घेतात."

"जीभ आवर. गोळी खाणाऱ्याच्या हातात मी पातं देत नाही. हे तुला आज सांगत नाहीये, भिंतीवर लिहिलंय."

भिंतीवर खरंच लिहिलं होतं. औषध, दारू, तंबाखू घेऊन मशीनला हात लावू नये. आणि ते उगाच लिहिलेलं नव्हतं. कारखाना बापाच्या ताब्यात होता तेव्हा एक जुना कटिंग मास्तर होता. खोकल्याच्या औषधाची बाटली खिशात घेऊन फिरायचा आणि खोकला नसतानाही प्यायचा. एका दुपारी याच टेबलावर त्याची दोन बोटं गेली. आक्का तेव्हा सतरा वर्षांची. चिंधीत गुंडाळून ती बोटं घेऊन ती दवाखान्यापर्यंत पळत गेली होती. बोटं लागली नाहीत. तेव्हापासून सर्दीची गोळी घेतलेल्या माणसालाही ती मशीनजवळ फिरकू देत नसे. हे धाकटीला माहीत होतं, म्हणूनच तर तिनं लपवलं होतं.

"ही तसली गोळी नाही," धाकटी म्हणाली. "त्यानं झिंग येत नाही. उलट डोकं जागेवर येतं."

"बेचाळीस वर्षं कुठं होतं डोकं?"

"तुझ्याच हाताखाली होतं. टपल्या खात."

एवढ्यात गुरगुऱ्या आत आला. हा थर लावणारा. कापडाचे ताके उलगडून आक्का देईल त्या चिठ्ठीप्रमाणे टेबलावर एकावर एक थर घालायचे हे त्याचं काम, आणि ते करताना दिवसभर तोंडातल्या तोंडात गुरगुरायचं हा त्याचा स्वभाव. पन्नाशीचा गडी. दोघी बहिणींकडे बघून त्यानं दारातच ओळखलं की आज वारा वाईट आहे, आणि गुपचूप ताक्याकडे वळला.

आक्कानं त्याच्यादेखतच निकाल दिला. "ऐक. दवाखान्याचे पंचाहत्तर कोट आज कापून वर शिलाईला गेले पाहिजेत. बाहेरचा कटर उद्या सकाळी येतो म्हणालाय. तेव्हा आजचं तू काप, गोळीबिळी न घेता, माझ्या डोळ्यांसमोर. आणि संध्याकाळी तोंडानं सांग. गोळी सोडलीस तर त्या कटरला मी नको म्हणून कळवते. नाही सोडलीस तर उद्यापासून तू वरती काजं-बटणं कर."

काजं-बटणं नव्या बायका करत. बारा वर्षं पातं धरलेल्या बाईला काजं-बटणं म्हणजे सासूला सुनेच्या हाताखाली भांडी घासायला बसवण्यासारखंच.

"आणि संध्याकाळी बोललेच नाही तर?"

"तर ते उत्तरच झालं," आक्का म्हणाली. खुर्ची ओढून ती टेबलाच्या टोकाला बसली आणि पट्टी कमरेच्या बटव्यात घातली.

दीडशे थरांतले सव्वाशे काल संध्याकाळीच लागले होते. उरलेले पंचवीस लावून होईपर्यंत धाकटीला काम नव्हतं. पात्याला धार लावावी म्हणून तिनं दगड घेतला, तेल आणायला कपाटाकडं गेली, कपाटात खडूचा डबा उघडा दिसला तो बंद केला, डब्याखाली जुन्या मापांचा कागद दिसला तो वाचला, आणि तेल न घेताच परत आली. आक्का बघत होती. तिच्या ओठाचं टोक हललं. बोललेलं बरं, असं होतं ते हलणं.

गोळीच्या दिवशी तेल आणायला गेलं की तेलच घेऊन परत यायचं. एवढाच फरक. कुणाला सांगितलं तर हसतील.

डॉक्टरकडं ती काही हौसेनं गेली नव्हती. चार महिन्यांपूर्वी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आक्काला कारखाना सोडता येईना, म्हणून धाकटीला सोबत धाडलं. ऑपरेशन झालं, आईच्या डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर बाकावर बसवलं, आणि औषधं आणते म्हणून धाकटी खाली उतरली. औषधं घेतली. रांगेत एक ओळखीची बाई भेटली. तिच्याशी बोलत बोलत फाटकाबाहेर आली, समोर बस लागली होती, बसमध्ये चढली आणि घरी आली. हातपाय धुतले. झाडांना पाणी घातलं. आई चार तास बाकावर बसून होती, एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यानं धूसर दिसणारी. शेवटी नर्सनं आक्काला फोन केला. त्या दिवसापासून आई धाकटीशी धड बोललेली नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र सांगायची, "लोक छत्री विसरतात, हिनं आई विसरली."

दुसऱ्या दिवशी ती त्या नर्सची माफी मागायला गेली. नर्सनं आधी खडसावलं, मग जरा तिच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "वरच्या मजल्यावर मेंदू-मनाच्या डॉक्टरीणबाई बसतात. एकदा दाखवून ये."

डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा बोलावलं. शाळेतलं विचारलं, घरातलं विचारलं, नवऱ्यालाही बोलावून विचारलं. नवरा बस दुरुस्तीच्या डेपोत कामाला, बोलायला चिंगूस. त्याला विचारलं, "घरी वस्तू विसरतात का या?" तो म्हणाला, "न विसरलेल्याच सांगतो, लवकर होईल." शेवटी बाईंनी नाव सांगितलं. एडीएचडी. लक्ष एका जागी टिकत नाही, मन पळतं, आणि हे जन्मापासूनचं आहे. आळस नाही, माज नाही, वाईट वळणही नाही.

अशा वेळी माणसाला हायसं वाटतं म्हणतात. हिला राग आला. असा की कान तापले. जन्मापासूनचं होतं, तर मग तो मिठाच्या दिवशीचा मार कशाचा होता? शाळेतल्या मास्तरनं वर्गाबाहेर उभं केलं, त्या दोन वर्षांचं काय? बारा वर्षं "हिच्या हातात द्या आणि पाण्यात टाका" म्हणणाऱ्या बहिणीचं काय करायचं? नाव कळलं म्हणून मागचा मार परत जातो थोडाच.

गोळीबद्दल बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. आधी रक्तदाब बघितला, हृदयाचा आलेख काढला. छोट्या मात्रेनं सुरुवात केली. भूक कमी होईल, झोप बिघडू शकेल, सकाळी लवकर घ्यायची, उशिरा घ्यायची नाही. रोग जाणार नाही, गोळी आहे तोवर मदत होईल. "डोळ्याला चष्मा लावतो तसं समजा," बाई म्हणाल्या.

"चष्म्यानं छातीत धडधडत नाही," धाकटी म्हणाली.

"नाही खरं," बाईंनी कबूल केलं. "म्हणूनच तुम्ही तोलून बघायचं. मला येऊन सांगायचं, ठेवायची की सोडायची की बदलायची."

तर पाच आठवडे ती तोलत होती, आणि तराजू काही एका बाजूला झुकत नव्हता. गोळीवर डोक्यातला बाजार बंद व्हायचा. एक काम सुरू केलं की तेच संपायचं. पण डबा तसाच परत जायचा, घास तोंडात फिरायचा, आणि पाच आठवड्यांत ब्लाऊज दोनदा आत घ्यावे लागले. सकाळी जिना चढताना छातीत कुणी ताशा धरल्यासारखं व्हायचं. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला गोळी उतरली की तिचं तोंड असं सुटायचं की भिंतींनी कान झाकावेत. मागच्या आठवड्यात भाजी अळणी झाली म्हणून नवरा एवढंच म्हणाला, "मीठ राहिलं वाटतं." त्यावर तिनं त्याच्या आईपासून त्याच्या टकलापर्यंत सगळं काढलं. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "गोळीवाली बरी की बिनगोळीची, मला विचारू नकोस. दोघीपण शिव्याच देतात. गोळीवाली फक्त वेळेवर देते."

मार्करचं तर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मार्कर म्हणजे थरांवर अंथरायचा लांब कागद. त्यावर कोटाचे सगळे भाग, पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर, असे बसवून आखायचे की कापड कमीत कमी वाया जावं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बिनगोळीची असताना कॉलर बघता बघता मन बाहीवर उडी मारायचं आणि अचानक दिसायचं, अरे, ही उलटी फिरवली तर तिच्या बगलेत बसते. तसलं भन्नाट काही गोळीवर सुचत नसे. गोळीवर मार्कर पुरा व्हायचा, चोख व्हायचा, वेळेत व्हायचा. पण बगलेत बसायचं नाही काही. काल तब्बल तीन तास खपून चार बोटं कापड वाचवलं, तेही घासून घासून. पूर्वी असं दहा मिनिटांत सुचायचं. किंवा आठ दिवस सुचायचंच नाही.

हे सगळं आक्काला सांगायची सोय नव्हती. आक्कापुढं तोलणं चालत नाही, तिथं निकाल लागतो.

"झाले थर," गुरगुऱ्या गुरगुरला. "दीडशे. मोजून घ्या, नंतर माझ्या नावानं बोंब नको."

त्याचं बोलणं कशाला उद्देशून होतं ते हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वीचे दीडशे डावे.

ते असं. कोटाचं कापड ड्रिलचं, त्याला सुलटी बाजू आणि उलटी बाजू असते. मार्करवर कोटाचे सगळे भाग आखले असतील, डावे आणि उजवे, तर सगळे थर सुलटे घालायचे. पण कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असेल तर मार्कर अर्धाच काढतात, नुसते डावे भाग. मग थर जोडीनं घालायचे, एक सुलटा, एक उलटा, तोंडाला तोंड लावून. म्हणजे एकाच कापात वरच्या थरातून डावी बाही निघते, खालच्यातून उजवी. तीन वर्षांपूर्वी मार्कर अर्धा होता आणि थर सगळे सुलटे लागले. धाकटीनं पातं चालवलं आणि दीडशे डाव्या बाह्या, दीडशे डावे पुढचे भाग निघाले. उजवा एकही नाही. वरच्या मजल्यावरच्या बायकांना आठ दिवस हसायला पुरलं. अजूनही कुणी चुकलं की म्हणत, "काय गं, डाव्या बाहीची का तू?"

आणि दोष कटरचाच. कारण पातं लावण्याआधी कटरनं कोपरा उलटायचा असतो. थरांच्या कोपऱ्याला अंगठा लावायचा, पुस्तकाची पानं सोडावीत तसे थर सोडायचे आणि कापडाची तोंडं बघायची. हा कटिंगचा पहिला धडा. त्या दिवशी तिनं कोपरा उलटला होता की नव्हता, हे तिला स्वतःलाच सांगता येईना. आठवतच नव्हतं. तेव्हा हो म्हणायचं कसं आणि नाही म्हणायचं कसं? तिनं मान खाली घातली, आणि ज्यानं मान खाली घातली तो चोर.

आज तिनं मार्कर अंथरला, चिमटे लावले आणि कोपऱ्याला अंगठा घातला. थर फडफडले. वर एका मशीनचा पट्टा शीळ घालत होता. पट्टा सैल झालाय, तेल नको, घट्ट करायला हवा, मागं नवऱ्यानं केला होता, नवऱ्याचा डबा आज भरला का. कोपरा हातातून सुटला. काय बघितलं? ठाऊक नाही.

दुसऱ्यांदा घातला. आक्कानं खुर्चीतून विचारलं, "झोप लागली का उभ्या उभ्या?" कोपरा सुटला.

तिसऱ्यांदा घातला. कापडाच्या काठाला निळा धागा होता. मागच्या ताक्याला हिरवा होता. गिरणी बदलली वाटतं. कोपरा सुटला.

तिच्या कपाळावर घाम आला. पाच आठवडे ती हा घाम विसरली होती. जन्मभर रोज येणारा, आपण आत्ता काय केलं ते आपल्यालाच ठाऊक नसल्याचा घाम. आक्का बघत होती. गुरगुऱ्या बघत होता. न बघताच मशीन सुरू करावी आणि मोकळं व्हावं, असं वाटलं. आजवर असंच तर केलं होतं.

चौथ्यांदा तिनं कोपरा उचलला आणि प्रत्येक थराला मोठ्यानं बोलायला लागली. "सुलट. सुलट. सुलट. सुलट. सुलट."

आक्का म्हणाली, "बालवाडी भरवलीय का?"

"सुलट. सुलट." धाकटी थांबली. मार्करवर नजर टाकली. मग मार्करवरच्या एकेका भागावर बोट ठेवत गेली. डावी बाही. डावा पुढचा. अर्धी पाठ. अर्धी कॉलर. उजवं काही नाही.

"आक्का, हे सगळे सुलटे लागलेत. मार्कर अर्धा आहे."

आक्का उठून आली. स्वतः कोपरा उलटला, सराईत हातानं, फर्रकन. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मग अर्धा काढलास कशाला? मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. काल दुपारी. पन्हा कमी आलाय, अर्धा काढते, जोड लावायला सांग, म्हटलं. तू फोनवर होतीस. मान हलवलीस."

"काही सांगितलेलं नाहीस. तुझ्या मनात आलं असेल आणि तुला वाटलं सांगितलं. नेहमीचं आहे तुझं."

आणि धाकटी स्वतःलाच तपासायला लागली. तीच तर गंमत. चाळीस वर्षं असं ऐकलं की आपलीच साक्ष आपल्याला खोटी वाटते. सांगितलं होतं का? की वाटलं नुसतं? काल गोळीवर होते, म्हणजे सांगितलंच असणार. पण आज काय खात्री?

"सांगितलं होतं," कोपऱ्यातून गुरगुर आली. "मी तिथंच ताका सोडत होतो. चिठ्ठी तुम्ही 'सुलट' अशी लिहून दिलीत, मी सुलटे घातले. मी चिठ्ठीचा नोकर आहे, मार्करचा नव्हे."

आक्का त्याच्याकडं वळली. "तुला विचारलं का?"

"नाही विचारलं. तेव्हाही नव्हतं विचारलं."

"तेव्हा म्हणजे कधी?" धाकटीनं विचारलं.

गुरगुऱ्यानं खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं. जेवढं बोलायचं होतं त्याहून जास्त बोलून गेल्याचं त्याच्या ध्यानात आलं होतं, पण आता शेपूट घालूनही उपयोग नव्हता. "त्या डाव्यांच्या वेळी. तेव्हाही चिठ्ठी सुलटचीच होती."

धाकटी टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर आली.

"तीन वर्षं," धाकटी म्हणाली. "तीन वर्षं तू रोज माझ्यासमोर उभा राहतोस. बोलला का नाहीस?"

"मला पोट आहे, बाई. चिठ्ठी लिहिणारीच पगार देते."

तिनं आक्काकडं बघितलं. "तुला ठाऊक होतं?"

आक्का मार्करवरची सुरकुती हातानं सारखी करत होती. सुरकुती नव्हती तिथं. "कोपरा बघणं कटरचं काम," ती म्हणाली. "चिठ्ठी कुणाचीही चुकेल. म्हणून तर कटरनं बघायचं असतं. तू बघितला होतास?"

"नाही."

हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. आणि म्हटल्यावर लक्षात आलं की ते खरं आहे. "नसणारच बघितला. आणि बघितला असला तरी काय दिसलं ते डोक्यात राहिलं नसणार. ते माझंच. पण चिठ्ठी तुझी होती. अर्धा मार्कर माझा, अर्धी चूक माझी. तू सगळीच माझ्या गळ्यात घातलीस आणि तीन वर्षं बायकांना हसवलंस."

"मी हसवलं नाही."

"हसताना थांबवलंही नाहीस. मी विसरभोळी असण्यानं तुझी फार सोय होती, आक्का. घरात एक भिंगरी असली की दुसऱ्या कुणाचं काही चुकतच नाही."

हे आक्काला लागलं. पण ती कारखाना चालवणारी बाई होती. मार खातानाही समोरच्याच्या हातातली काठी कशी हिसकावता येईल ते बघणारी. "बरं," ती म्हणाली. "चिठ्ठी माझी चुकली. पण आज पकडलंस ना? गोळी न घेता पकडलंस. माझ्या डोळ्यांसमोर. मग कशाला हवी ती? तुझं तुलाच सिद्ध झालं."

गुरगुऱ्यानंही मान हलवली. बोलणं बिनतोड होतं. क्षणभर धाकटीलाही तसंच वाटलं. छातीत ताशा नाही, डबा खायची वासना आहे, आणि चूक पकडली. झालं की.

मग ती म्हणाली, "चार वेळा कोपरा उलटला मी. तू मोजलंस?"

"नाही."

"मी मोजलं. पहिल्या तीन वेळा काय बघितलं ते मला ठाऊक नाही. थर डोळ्यासमोर होते, सगळे सुलटे, आणि मला दिसले नाहीत. पट्ट्याची शीळ दिसली, काठाचा धागा दिसला. चौथ्यांदा का दिसलं, तर तू समोर बसली होतीस आणि मी घाबरले होते. रोज अशी घाबरून जगले मी. पातं धरायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. तुला ते बरं वाटतं, कारण ते गोळीसारखं पट्टीत येत नाही."

"मास्तरची बोटं मी उचलली होती," आक्का म्हणाली. आवाज खाली होता, पण मऊ नव्हता. "तू नव्हतीस तिथं."

"नव्हते. म्हणून तुला डॉक्टरीणबाईंकडं नेते. विचार त्यांना, हात थरथरतो का, झापड येते का, काय ते. माझ्यासमोर विचार. आणि भूक मेली, संध्याकाळी डोकं फिरतं, तेही सांगणार आहे मी. कदाचित मात्रा कमी करतील. कदाचित बदलतील. कदाचित मीच सोडीन. पण ते मी ठरवीन, आक्का. तुझ्या खुंटीनं नाही."

"आणि बाहेरचा कटर?"

"येऊ दे. तुझ्या चिठ्ठ्या वाचून तो कोपरा बघेल की नाही ते तू बघ."

 आक्कानं कमरेचा बटवा सोडला, पट्टी काढली आणि टेबलावर टाकली. दिली नाही, टाकली. "दवाखान्यात मी येणार. आणि बाईंनी मशीनला नको म्हटलं तर मग नाही."

"नाही म्हटलं तर नाही," धाकटी म्हणाली. "पण त्यांनी म्हटलं तर. आणि वर जाऊन सांग बायकांना, त्या चिठ्ठीचं."

"ते मी बघेन."

"बघू नकोस. सांग."

आक्का जिन्याकडं चालू लागली. पहिल्या पायरीवर थांबली, वळली नाही. "संध्याकाळच्या आत माल वर आला पाहिजे," म्हणाली, आणि चढून गेली. वर जाऊन ती सांगेल का, यावर धाकटीनं फुटकी कवडीही लावली नसती.

गुरगुऱ्या पट्टीकडं बघत होता. "घेत नाही का आता?"

"वेळ गेली. आता घेतली तर रात्रभर छताकडं बघत बसावं लागेल." तिनं पट्टी पर्समध्ये टाकली, चेन लावली, आणि लावली की नाही ते पुन्हा बघितलं. मग मार्करचे चिमटे काढायला लागली. कागद गुंडाळून बाजूला ठेवला. दीडशे थरांतले पंचाहत्तर उचलून उलटे घालायचे होते, एक सोडून एक, काठाला काठ जुळवून, बिनगोळीच्या डोक्यानं.

"तू माझ्याशी बोलू नकोस," ती गुरगुऱ्याला म्हणाली. "तीन वर्षं नाही बोललास, आणखी चार तासांनी मरणार नाहीस. फक्त मी जे म्हणेन ते माघारी म्हण. मी सुलट म्हटलं की सुलट. मी उलट म्हटलं की उलट. माझं चुकलं तर थांबव."

"आणि माझं चुकलं तर?"

"तर चिठ्ठी दाखव. धर ते टोक."

त्यानं टोक धरलं. वरचा थर दोघांनी उचलला, पलटला, टेबलाच्या मोकळ्या भागावर अंथरला आणि हाताच्या तळव्यानं हवा काढत ती टेबलाच्या मधोमधपर्यंत गेली.

"उलट," ती म्हणाली.

"उलट," तो गुरगुरला.

"पुढचा सुलट, न पलटता यावर घाल. त्याच्या खालचा धर."